शास्त्राच्या शेवटच्या पानावरची ओळ

पत्र असं आहे:

"ताई, सलाम. माझं वय ६१. ऑगस्टमध्ये माझे यजमान प्रभूघरी गेले. लग्नाला ३४ वर्षं झाली होती. दर ३१ डिसेंबरला, रात्रीच्या उपासनेला निघण्याआधी, ते घरात प्रार्थना करायचे आणि आपल्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेवटच्या कोऱ्या पानावर त्या वर्षाची एक ओळ लिहायचे. अशा ३३ ओळी आहेत. गेल्या वर्षीची ओळ अशी: 'गुडघा दुखतो. नातू वाचायला लागला. देवाचे आभार.'

या नाताळच्या रात्री आम्ही सगळे बसलो होतो. मी त्यांचं शास्त्र मुलाच्या हातात दिलं आणि म्हटलं, आता बाबांच्या जागी तू प्रार्थना कर. तो शास्त्र मांडीवर ठेवून थोडा वेळ तसाच बसला. मग ते माझ्या हातात परत देत म्हणाला, 'आई, मला खोटं बोलता येणार नाही,' आणि बाहेर जाऊन उभा राहिला. सून दुसऱ्या धर्मात वाढलेली. ती मात्र हात जोडून शेवटपर्यंत बसली. सात वर्षांच्या नातवानं विचारलं, 'बाबा का उठले?' कुणीच उत्तर दिलं नाही. त्या रात्री प्रार्थना झालीच नाही. मी आजवर कधी चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही.

नणंद म्हणते, मोनिकासारखी रड, पोरगा परत येईल. पण ३१ ला त्याला बसवच, नाहीतर नातूही हातचा जाईल. मुलगा २ तारखेला परत जाणार आहे. मी काय करू? आणि माझं कुठे चुकलं?"

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि ३१ च्या आत उत्तर पोचावं म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून लिहायला बसले. घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला नाताळ कसा जातो, हे मी पाहिलंय. सगळं दरवर्षीसारखं मांडलेलं असतं आणि नेमकं त्यामुळेच काय नाही ते डोळ्यांत खुपत राहतं.

तुमच्या मुलाचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. "माझा विश्वास नाही" असं तो म्हणाला नाही. "हे सगळं थोतांड आहे" असंही नाही. तो म्हणाला, "मला खोटं बोलता येणार नाही." दोन ओळी म्हणून मोकळं होणं त्याला काही अवघड नव्हतं. लहानपणापासून त्यानं त्या प्रार्थना ऐकल्यात, शब्द त्याला पाठ असतील. तुम्ही खूश झाला असता आणि नणंदबाईही. पण वडिलांचं शास्त्र मांडीवर असताना त्याला मनात नसलेलं बोलवेना. देवासमोर तोंडदेखलं बोलायचं नाही, हे तो कुठे शिकला? तुमच्याच घरात ना?

त्याचा विश्वास उडाला आहे की नाही, हे मला इथे बसून कळणार नाही. कदाचित उडाला असेल, अगदी शांतपणे, पुष्कळ वर्षांपूर्वी. कदाचित ऑगस्टमध्ये काही मोडलं असेल. आजारपणात तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केल्या असतील, त्यानंही केल्या असतील, आणि तरी बाबा गेले. अशा माणसाला चार महिन्यांनी सगळ्यांसमोर "देवाचे आभार मान" म्हटलं तर शब्द घशातच अडकणार. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत गाऱ्हाणी किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी आशेकडे वळतात. ८८ वं स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारावरच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. हे स्तोत्र मुलाला वाचून दाखवा असं मी म्हणत नाही. तुम्ही वाचा, एकट्यानं. तुमच्या घरात त्या रात्री जे घडलं, ते शास्त्राला नवीन नाही एवढं त्यातून समजेल.

आता नणंदबाईंच्या मोनिकाबद्दल. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी अर्धीच सांगितली जाते, म्हणून मी जरा रेंगाळते.

मोनिका चौथ्या शतकातली, उत्तर आफ्रिकेतली. तिचा मुलगा ऑगस्टिन तरुणपणी दुसऱ्याच पंथाच्या नादी लागला. ती वर्षानुवर्षं रडली, प्रार्थना करत राहिली. पुढे ३८७ साली मिलान शहरात बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी मोनिका वारली. हे सगळे सांगतात. पण मधलं काय? ते ऑगस्टिननं स्वतःच लिहून ठेवलंय. सुरुवातीला मोनिकानं त्याच्याबरोबर एका घरात राहायला, एका मेजावर जेवायला नकार दिला होता. मग तिला एक स्वप्न पडलं, आणि त्यानंतर तिनं त्याला पुन्हा आपल्या घरात, आपल्या मेजावर घेतलं. तो तेव्हा बदललेला नव्हता. पुढची कितीतरी वर्षं तो होता तिथेच होता. मेज आधी उघडलं, बाकीचं फार नंतर झालं.

आणि तो बिशप! मोनिका एका बिशपकडे गेली आणि म्हणाली, माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका त्याला दाखवा. बिशप नाही म्हणाला. तो स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला होता. कुणी वाद न घालता, वाचता वाचता आपणहून त्यातून बाहेर पडला होता. त्यानं सांगितलं, सध्या त्याला राहू दे तसाच, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर. मोनिका ऐकेना, रडून रडून मागेच लागली. तेव्हा तो जरा वैतागूनच म्हणाला की जा, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. लोकांनी अश्रूंचं वाक्य उचललं आणि "त्याला राहू दे" हे त्याच्याच तोंडचं पहिलं वाक्य सोडून दिलं. तुमच्या नणंदेला हे जरूर सांगा, प्रेमानं सांगा. मोनिकासारखं वागायचं तर मग पुरतं वागावं.

उलट एका रात्री मोनिका त्याला हट्टानं धरून बसली होती. तो रोमला जायला निघाला होता आणि ती त्याला सोडायला तयार नव्हती. तेव्हा तो तिच्याशी खोटं बोलला. ती जवळच्या प्रार्थनास्थळात रात्र काढत असताना जहाज सुटलं आणि सकाळी किनाऱ्यावर ती एकटीच उरली. फार घट्ट धरलं की माणूस खोटं बोलून निसटतो. तुमचा मुलगा खोटं न बोलता उठला, आणि गेला तोही दाराबाहेर, तेवढ्यावरच.

मला माझ्या घरातलं काही सांगायचं आहे. आमच्याकडेही वर्षाच्या शेवटच्या रात्री एकत्र प्रार्थना व्हायची. मी १९ वर्षांची असतानाची गोष्ट. माझा मोठा भाऊ त्या वर्षी आत आला नाही. दाराबाहेरच्या पायरीवर बसून राहिला. वडिलांनी मला प्रार्थना करायला सांगितली आणि मी मोठ्यानं, त्याला स्पष्ट ऐकू जाईल अशी, "जे वाट चुकले आहेत, ज्यांची मनं कठीण झाली आहेत" त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आवाज अगदी भक्तिभावाचा होता. आई माझ्याकडे डोळे उघडून पाहत होती, ते मला अजून दिसतं. ती प्रार्थना नव्हती. लेकी बोले सुने लागे, तसं मी देवाशी बोलत होते आणि भावाला लागत होतं. त्यानंतर तीन वर्षं तो सुट्टीत घरी आला नाही. पुढे आमचं सगळं नीट झालं, पण ती तीन वर्षं गेली ती गेलीच, आणि त्यातलं एक वर्ष आईचं शेवटचं होतं.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते: ३१ च्या रात्री मुलाचं नाव घेऊन किंवा न घेता, त्याला ऐकू जावी अशी एकही ओळ प्रार्थनेत घालू नका. त्याच्यासाठी जे मागायचं ते तुमच्या खोलीत, दार लावून मागा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबले, त्याबद्दल. "मी आजवर कधी चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही." मुलाबद्दल एवढं लिहिताना हे वाक्य तुम्ही मध्येच टाकून पुढे गेलात. पण मला वाटतं, सगळं पत्र त्या वाक्यात आहे. नाताळच्या रात्री ते शास्त्र तुमच्या हातात होतं. ते उघडून तुम्ही चार शब्द बोलला असता तर कुणी अडवलं नसतं. ती जागा तुम्हाला भीतिदायक वाटली. का वाटू नये? ३४ वर्षं ती त्यांची होती. म्हणून तुम्ही ती मुलाकडे सरकवलीत. तोही तिला भ्याला आणि त्यानं ती परत तुमच्याकडे दिली. दोघांनाही एकाच माणसाची उणीव भासत होती. यात मला कुणाची चूक दिसत नाही. पण घरची प्रार्थना बापाकडून मुलाकडे आपोआप जाते, असं कुठेच लिहिलेलं नाही. या घरात आज विश्वास कुणाचा आहे? तुमचा. मग बोलायचं कुणी?

मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली यानं १७५५ साली लंडनमध्ये कराराची उपासना सुरू केली. पुढे ती नव्या वर्षाच्या सुरुवातीला घेण्याची रीत पडली, आणि आजही पुष्कळ मंडळ्यांमध्ये ती होते. त्या उपासनेत माणूस देवाला म्हणतो की मी आता माझा राहिलो नाही, तुझा आहे, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव. सगळी मंडळी एका सुरात म्हणते, पण शब्द "मी" हाच असतो. आईनं मुलाच्या वतीनं, बायकोनं नवऱ्याच्या वतीनं तो करार करायची सोय त्यात नाही. तुमचा "मी" एवढी वर्षं त्यांच्या "आम्ही"मध्ये सुखानं राहिला. या ३१ ला तो एकटा उभा राहणार आहे. आवाज कापेल, कापू द्या.

करायचं काय, ते आता सांगते. ३१ च्या आधी, नातू झोपल्यावर किंवा बाहेर चालायला जाताना, मुलाला एकट्याला गाठा आणि माफी मागा. विश्वासाबद्दल नाही, तर सगळ्यांसमोर त्याला पेचात पकडलं त्याबद्दल. "मी तुला न विचारता तुझ्या हातात ते शास्त्र दिलं. मला स्वतःला भीती वाटत होती म्हणून दिलं. चुकलं माझं." एवढंच. त्याच्यापुढे "पण" जोडू नका. "पण तूही उठायला नको होतंस" हे वाक्य ओठांवर येईलच, ते गिळून टाका. तो काही बोलला तर ऐका. बाबांच्या आजारपणातल्या रात्रींबद्दल बोलला, देवाबद्दल कडवट बोलला, तरी त्या वेळी देवाची बाजू मांडायला जाऊ नका. देवाला त्या रात्री वकिलाची गरज नाही. तो काहीच बोलला नाही, तर दोघं तशीच चालत राहा.

मग त्याला विचारा: "नातवाला काय सांगायचं?" त्या पोरानं सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर अजून बाकी आहे. ते त्याच्या बापानंच द्यावं. तुम्ही किंवा नणंदबाईंनी नको. मोठी माणसं गप्प राहिली की मुलं मनानं काहीतरी जुळवतात, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असतं. बाबा वाईट म्हणून उठले, किंवा आजीनं बाबांना रडवलं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसायला नको. नातू हातचा जाईल ही भीती मला समजते. पण घरातली दोन मोठी माणसं वेगळा विचार करूनही एकमेकांशी नीट बोलतात, हे त्यानं पाहिलं तर देवाबद्दलचे प्रश्न घेऊन तो उद्या तुमच्याकडेच येईल.

सुनेचे आभार मानलेत का? नसतील तर माना. कधीच न शिकलेल्या प्रार्थनेत, नवरा उठून गेल्यावरही, ती हात जोडून बसली. ते तुमच्यासाठी होतं, कदाचित सासऱ्यांसाठीही. पण ते आभारापाशीच सोडा. "बघ, ती बसली आणि तू उठलास" हे मुलाला कधीही ऐकवू नका. त्यानं दोघांनाही लागेल. आणि तिच्या बसण्यात तुमच्या मनाचा अर्थ वाचू नका. १८९५ साली ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग आपली जुनी श्रद्धा बरोबर घेऊनच नवऱ्याच्या घरी परत आल्या. पुढे त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यांना स्वतःला पटलं तेव्हा. एका छताखाली दोन श्रद्धांनी राहणं मराठी घरांना शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. सुनेचं ती ठरवेल.

"माझं कुठे चुकलं?" या प्रश्नाला मी लांबलचक उत्तर देणार नाही. लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय नाताळमध्ये आपण पुन्हा पुन्हा वाचतो, पण गव्हाणी आणि मेंढपाळ झाले की थांबतो. त्याच अध्यायाच्या शेवटी येशू १२ वर्षांचा आहे. सणाला गेलेलं कुटुंब परत निघालंय, आणि मुलगा नातेवाइकांबरोबर असेल असं समजून मरीया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून जातात. तो तिथे नसतोच. तीन दिवसांनी मंदिरात सापडतो, गुरुजनांना प्रश्न विचारत बसलेला. आई रागावते. तो जे उत्तर देतो ते दोघांना कळत नाही, असं लूकनं साफ लिहिलंय. ती आई कुठे चुकली, असं आजवर कुणी प्रवचनात विचारल्याचं मी ऐकलं नाही. मुलाचं बोलणं न समजताच तिनं ते मनात ठेवलं आणि सगळे मिळून घरी गेले. तुम्हीही सध्या "मला खोटं बोलता येणार नाही" हे तसंच मनात ठेवा, अर्थ न लावता.

आणि आता त्या ३३ ओळी. पत्रात तुम्ही त्यातली एक लिहिलीत आणि मला तुमचे यजमान दिसले. गुडघा, नातू, आभार. आधी दुखणं सांगितलं, मग आनंद, आणि देवाचं नाव शेवटी, तेही ओढूनताणून नाही. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला यानं सोळाव्या शतकात सांगितलेली आत्मपरीक्षणाची पद्धत जगभर शिकवली जाते: आधी आभार मानायचे, मग दिवसाकडे वळून पाहायचं, काय चुकलं ते कबूल करायचं, उद्याचं ठरवायचं. तुमचे यजमान हे एका ओळीत करत होते, वर्षातून एकदा, ३३ वर्षं.

३१ ला प्रार्थनेच्या आधी त्या ओळी वाचा. म्हणजे सगळ्यांनी मिळून, पान हातोहात फिरवून. यात मुलाला खोटं बोलावं लागणार नाही. ते त्याच्या बाबांचं अक्षर आहे, त्याच्या जन्माची ओळ त्यात असेल, शाळेची असेल, कधी तो आजारी पडला असेल त्याची असेल. नातवाला वाचता येतं, गेल्या वर्षीची ओळ त्याच्याकडे द्या. मात्र आधी तुम्ही एकट्यानं सगळं पान वाचून घ्या. एखादी ओळ फक्त नवरा-बायकोची असू शकते, एखाद्या वर्षी बाप-लेकाचं भांडण झालेलं असू शकतं. ती वगळा. आणि मुलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आपण हे वाचणार आहोत. वाचता वाचता तो विरघळेल, रडेल आणि मग प्रार्थनेला बसेल, असा हिशोब मनात असेल तर वाचूच नका. त्याला तो हिशोब दुरून कळेल. बाबांची आठवण काढायला म्हणून वाचायचं असेल, तरच.

ओळी वाचून झाल्या की सांगा, "आता मी थोडी प्रार्थना करणार आहे, ज्याला बसायचं तो बसेल." खरंच तसं वाटू द्या. मुलगा बाहेर गेला तर दार लावून घेऊ नका, आणि उघड्या दाराकडे बघत प्रार्थनाही करू नका. शब्द सुचत नसतील तर त्यांच्याच ओळीची चाल घ्या. काय दुखलं, काय चांगलं झालं, आणि देवाचे आभार. आभार या वर्षी निघत नसतील तर "प्रभू, या वर्षी मला आभार मानता येत नाहीत" असं म्हणा आणि आमेन म्हणा. ती पूर्ण प्रार्थना आहे.

रात्री उपासनेला जा. तो येतो म्हणाला तर बरंच, नाही तर नातेवाइकांबरोबर जा. परत आल्यावर घर झोपलेलं असेल तर चांगलंच. दिवा लावा, त्यांचं शास्त्र शेवटच्या पानावर उघडा. ३३ व्या ओळीखाली जागा आहे. या वर्षाची ओळ तुमच्या अक्षरात लिहा. वेडंवाकडं आलं तरी चालेल. त्याखाली थोडी जागा सोडा आणि पेन तिथेच राहू द्या.